नवनिर्वाचित मवाळ सदस्य पक्षाची दिशा बदलू शकतात का?
बदलू शकतात, मात्र बहुमत त्यांच्याच काठावरच्या (थोड्या मतांनी जिंकलेल्या) जागांवर टिकून असेल, तरच नेतृत्व त्यांचे ऐकते. अमेरिकेत २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधीगृह (संसदेचे कनिष्ठ सभागृह) जिंकले, ते बरेचसे अशाच जागांच्या बळावर. २३ सप्टेंबर २०१९ रोजी लष्कर, गुप्तचर आदी सेवांची पार्श्वभूमी असलेल्या सात नवख्या सदस्यांनी, ज्यांपैकी बहुतेकांनी तोवर महाभियोगाबाबत सावध पवित्रा घेतला होता, वॉशिंग्टन पोस्टमध्ये संयुक्त लेख लिहून, राजकीय प्रतिस्पर्ध्याची चौकशी करावी म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी युक्रेनवर दबाव आणल्याचे आरोप खरे असतील तर ते कृत्य महाभियोगास पात्र ठरते, अशी भूमिका घेतली. दुसऱ्याच दिवशी सभागृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी यांनी महाभियोगाची चौकशी जाहीर केली. हे एकमेव कारण नव्हते, पण कुंपणावरच्यांनीच उडी घेतल्यावर नेतृत्वाला थांबण्याचे निमित्त उरले नाही. एकट्यादुकट्याची नाराजी पक्ष सहज पचवतो.