बालविकास शिकलेल्या मुलीस, बेळगावहून

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. निकाल वाचून फार आनंद झाला, पण पत्रात आनंदापेक्षा काळजीच जास्त दिसली. घरचे म्हणतात बी.एड. कर, मामा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, आणि खानापूरच्या स्टँडवर कुणी भेटलं की, "बालविकास म्हणजे अंगणवाडीच ना?" अंगणवाडीबद्दलचा हा कमीपणा आधी मनातून काढून टाक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यावरच्या मुलांच्या दारात जाऊन शिक्षण उभं केलं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. तुझ्या विषयाचं सगळ्यात मोठं कामाचं ठिकाण तेच आहे. पण एकमेव नाही.

तुला नेमकं काय येतं, तिथून सुरुवात करू. तुला मूल पाहता येतं. प्रकल्पाच्या वेळी तू मला अडीच वर्षांच्या त्या मुलाबद्दल सांगितलं होतंस. हाक मारली तर वळून बघत नव्हता, पण मागे ताट पडलं की लगेच वळायचा. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या लाजतंय, आजी म्हणाली ह्याचा बापही उशिराच बोलला. तू मात्र बसून राहिलीस आणि लिहून काढलंस: आवाजाला वळतो, नावाला वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आईचा हात धरून तिथवर नेतो. निदान करणं आपलं काम नाही. पण लाजतो, उशिरा बोलेल, एवढ्यावर ज्या घराने विषय संपवला असता, त्याला पुढची तपासणी का हवी हे तुझ्या चार ओळींनी दाखवलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज दिसलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार होतात तिथे, पाठवतं. पण दोन भेटींच्या मधल्या महिन्यांत त्या मुलाकडे कोण बघणार? मला तू तिथे दिसतेस.

हे काम मनापासून आवडत असेल तर एक गोष्ट आत्ताच ठरवावी लागेल. दिव्यांग मुलांबरोबर विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम केल्यावरच मिळते. नुसत्या बालविकासाच्या पदवीवर मिळत नाही. म्हणून बी.एड. करायचंच तर विशेष शिक्षणातलं कर, आणि प्रवेश घेण्याआधी ती संस्था परिषदेच्या यादीत आहे का ते स्वतः बघ. जाहिरातीतल्या "मान्यताप्राप्त" या शब्दावर भरवसा ठेवू नकोस. वाचा आणि श्रवण यांकडे ओढा असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, पण ती वाट लांबची आहे आणि बारावीच्या विज्ञानापासून सुरू होते.

आता कन्नड. तू लिहिलंस, "बोलते मी, लिहायला जमत नाही." बाळ, हे जमवायलाच हवं. निपाणीत विड्या वळणारी बाई तुझ्याशी मराठीत मन मोकळं करेल, तिच्या मुलीचं शाळेतून नाव का काढलं ते सांगेल, पण त्यावरचा अहवाल कन्नडमध्ये जाणार. दोन्ही नीट येणारी माणसं आपल्या भागात हवी तितकी नाहीत, आणि त्यात भरडतं ते मूल. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत अनिवार्य कन्नड परीक्षाही असते. मराठीचा अभिमान बाळग, मीही बाळगते. पण रोज अर्धं पान कन्नड लिही, आणि ते शेजारच्या कन्नड शाळेतल्या कुणाकडून तपासून घे.

सरकारी पदांमध्ये महिला व बालविकास खात्याची पर्यवेक्षिका आणि त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. पर्यवेक्षिकेच्या हाताखाली कितीतरी अंगणवाड्या असतात, आणि चांगली पर्यवेक्षिका आली की सगळ्या विभागाचा सूर बदलतो हे मी पाहिलं आहे. प्रकल्प अधिकाऱ्याकडे बालविवाह रोखण्याचीही जबाबदारी असते. कर्नाटकात तर कायद्यात दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला आहे. पण लग्न लागायच्या आधी बातमी कळली तरच ते थांबवता येतं.

मला स्वतःला विचारशील तर मी तुला आधी दोन-तीन वर्षं बालसंरक्षणात जा म्हणेन. जिल्हा बालसंरक्षण युनिटमध्ये समुपदेशक, संरक्षण अधिकारी, क्षेत्र कार्यकर्ते अशी पदं असतात, आणि त्यातल्या काही पदांच्या पात्रतेत समाजकार्याबरोबर बालविकासही धरला जातो. नोकरी कंत्राटी, पगार बेताचा. घरी हे आधीच स्पष्ट सांग. पण तिथे तुझा विषय रोज कसाला लागतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्व म्हणून, म्हणजे अडचणीतलं मूल घरीच राहावं यासाठीची मदत म्हणून, मुलाला दरमहा ४००० रुपये मिळू शकतात, आणि ते मिळणं घरभेटीच्या अहवालावर बरंच अवलंबून असतं. "घरची परिस्थिती हलाखीची आहे" असं लिहिलेले अहवाल मी ढिगाने वाचले आहेत, त्यातून काहीच कळत नाही. तू लिही: खोली एक, छप्पर पत्र्याचं, वडील वारले, आई शेतमजुरीला जाते, सकाळची चूल नववीतली मुलगी पेटवते, म्हणून ती पहिल्या तासाला शाळेत नसते. असं वाचलं की निर्णय घेणाऱ्याला ते मूल दिसतं.

पुढे कधी तरी बाल कल्याण समितीचाही विचार कर; संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दलचे निर्णय ती घेते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सदस्यांच्या पात्रतेत मानव विकासाची पदवी स्पष्ट लिहिली आहे. वय किमान ३५ लागतं, मुलांसाठी केलेल्या कामाचा अनुभव लागतो. आज सुरुवात केलीस तर तोवर तो गाठीला असेल.

पाळणाघराकडे आपल्याकडे कुणी करिअर म्हणून बघत नाही, हे मला खटकतं. २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांना ते चालवणारं जाणकार माणूस लागेल. ग्रामपंचायतींमध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी "कूसिन मने", म्हणजे बाळांची पाळणाघरं, आहेत, तिथल्या बायकांना प्रशिक्षण हवं आहे. आणि ऊसतोड! गळीत हंगामात चिकोडी, अथणी, रायबाग भागात टोळ्या उतरतात, आणि कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, सात-आठ वर्षांची ताई धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढते. अंगणवाडीचा आहार त्या मुलांनाही मिळायला हवा, पण त्यांचं नाव घालायला कुणीतरी फडापर्यंत जावं लागतं. तुला संस्थेत काम करायचं असेल तर अशा फडावर जाणारी संस्था निवड, नुसते मेळावे घेणारी नको.

एम.एस्सी. करायची तर धारवाडच्या कृषी विद्यापीठात मानव विकास आणि कुटुंब अभ्यासाचा विभाग आहे, घरापासून फार लांब नाही. प्राध्यापकी हवी असेल तर गृहविज्ञान विषयातून नेट दे. कोल्हापूर-पुण्याकडे जायचं मनात असेल तर हेही लक्षात ठेव: महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तिथल्या शासकीय पदांना अर्ज करता येतो. तुझं गाव त्या यादीत आहे का, आणि दाखला कोण देतं, याची चौकशी बाबांना आत्ताच करायला सांग. जाहिरात आल्यावर धावपळ नको.

या महिन्यात तुमच्या विभागाच्या पर्यवेक्षिकांना भेट आणि आठ-दहा दिवस त्यांच्याबरोबर फिरू द्या म्हणून विनंती कर. जे दिसेल ते वहीत लिही, तारीख घालून. बालसंरक्षण युनिटची जाहिरात निघाली की मला पाठव. पात्रतेची ओळ आपण दोघी बसून वाचू, आणि अर्जाचं कन्नड तू लिही, मी बघते.

तुझ्या,
बाई