मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा लाल नाही, दुखतही नाही; मग स्टिरॉइडचे थेंब बंद केले तर चालेल का?

नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, उजव्या डोळ्याचं फेको, म्हणजे मशीनने मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन, होऊन नऊ दिवस झाले, डोळा पांढराशुभ्र आहे आणि ते पेपरही वाचतायत. शेजारच्या काकांनी सांगितलं की स्टिरॉइडने काचबिंदू होतो, म्हणून तुम्ही घाबरलात. काका खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतायत. त्यांच्या अर्ध्याकडे पुढे येतो.

मी डॉक्टर नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. शिबिरात मोतीबिंदू शोधायचे, चष्म्याचे नंबर काढायचे, ऑपरेशन झालेल्यांना तपासायचं, हे काम. पण निम्मा जन्म गेला तो थेंबांचं वेळापत्रक समजावण्यात.

आपल्याला लाली दिसते ती डोळ्याच्या बाहेरच्या अंगाची. काळजी करायची ती आतल्या सुजेची. बुबुळाच्या मागे स्वच्छ पाणी असतं. रक्तातल्या पेशी आणि प्रथिनं त्यात उतरू नयेत म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत चांगली घट्ट असते. ऑपरेशन कितीही सफाईने झालं तरी डोळ्याला तो मारच. मार बसला की प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, भिंत सैल पडते आणि पेशी पाण्यात उतरतात. डोळा तपासायच्या यंत्राचा, म्हणजे स्लिट लॅम्पचा, बारीक उजेड तिरका टाकला की त्या दिसतात, कौलातून आलेल्या कवडशात धूळ तरंगते ना, तशाच. घरच्या आरशात त्यातलं काहीही दिसत नाही.

आमच्याकडे एक आजोबा होते, ऊसवाले. आठव्या दिवशी इतकं लख्ख दिसायला लागलं की बाटल्या फडताळात ठेवून ते रानात पाणी धरायला गेले. पाचव्या आठवड्यात परत आले. ‘साहेब, बाजूचं दिसतंय, पण मधोमध पुसट झालंय.’ बाहेरून डोळा आरशासारखा. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) स्कॅन, काढलं, तर पडद्याच्या बरोबर मध्यबिंदूला सूज. अमेरिकेतल्या अर्व्हाइन या डॉक्टरांनी १९५३ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, पुढे गॅस यांनी त्यावर काम केलं, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे. ही सूज बहुधा चार ते सहा आठवड्यांच्या सुमाराला डोकं वर काढते, म्हणजे सगळे निर्धास्त झाले की मग. आजोबांचे थेंब पुन्हा सुरू झाले आणि दोन-अडीच महिन्यांत नजर सुधारली. थेंब नीट टाकूनही हे एखाद्याला होतं, हे कबूल. पण मधेच सोडणं म्हणजे आपण होऊन दार उघडं टाकणं. आणि मधुमेहात हा धोका जास्त असतो, म्हणून तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी इतका ताणून सांगतोय.

आता काकांचं अर्धं. स्टिरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो, हे खरंच आहे. प्रेशर सहसा दोन-चार आठवड्यांनी वाढतं, आणि ज्यांना किंवा ज्यांच्या आईवडिलांना काचबिंदू आहे, ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, त्यांच्यात जास्त. म्हणून तर पुन्हा तपासायला बोलावतात. घरात कोणाला काचबिंदू असेल तर पुढच्या भेटीत आठवणीने सांगा आणि प्रेशर मोजायला लावा. माझ्या पाहण्यात प्रेशरचा घोळ झाला तो महिनाभर थेंब टाकणाऱ्यांपेक्षा ‘गार वाटतं’ म्हणून मेडिकलमधून तीच बाटली सहा-सहा महिने आणणाऱ्यांचा. साखरेचं म्हणाल, तर थेंबांमुळे ती सहसा फारशी हलत नाही, पण मोजत राहा.

वेळापत्रक डॉक्टरागणिक बदलतं. साधारणपणे पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा आणि मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी, अशी ती उतरंड असते. एकदम थांबवलं तर दबलेली सूज उसळून येते, म्हणून एकेक पायरी उतरायची. वडिलांच्या चिठ्ठीवर दुसरी बाटली नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक किंवा केटोरोलॅकची असेल. ती स्टिरॉइड नाही. ती प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच अडवते, आणि मधुमेहींना ती पुष्कळदा जास्त दिवस चालू ठेवतात. तिसरी प्रतिजैविकाची असेल, ती बहुतेक लवकरच बंद होईल.

थेंब टाकताना एक चूक मी शेकडो घरांत पाहिली. स्टिरॉइडच्या बाटलीतलं प्रेडनिसोलोन ॲसिटेट हे पाण्यात विरघळलेलं औषध नसतं, त्याची पूड खाली बसते. बाटली हलवली नाही तर महिनाभर नुसतं वरचं पाणीच डोळ्यात जातं. दर वेळी चांगली हलवा. एका वेळी एकच थेंब पुरे, डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते, तो गालावर येतो. दोन औषधांत पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. खालची पापणी ओढताना बोट गालाच्या हाडावर टेकवा, डोळ्यावर दाब नको. थेंब टाकल्यावर मिनिट-दोन मिनिटं डोळा नुसता मिटून ठेवायचा, मिचकावायचा नाही. वाचता न येणाऱ्यांना मी स्टिरॉइडच्या बाटलीला रबर बँड गुंडाळून द्यायचो आणि कालनिर्णयवर प्रत्येक दिवसाच्या चौकटीत तेवढ्या टिकल्या काढायला सांगायचो. सुनांपेक्षा नातवंडं ते काम चोख करतात.

डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे म्हणता, तर त्याआधी काय करता येईल? तो ‘पिकू द्या’ म्हणून लांबवू नका. मोतीबिंदू जितका कडक, तितकी तो फोडायला फेकोच्या मशीनची ताकद जास्त लागते आणि मागून सूजही जास्त. अति पिकला तर त्यातली प्रथिनं आपोआप पाझरून ऑपरेशनआधीच सूज आणि प्रेशर दोन्ही वाढतं. साखर ताब्यात ठेवा, पडदा आधी तपासून घ्या. सूज रोखणारे ते दुसऱ्या बाटलीतले थेंब बरेच सर्जन एक ते तीन दिवस आधीपासून सुरू करतात, त्याने ऑपरेशनभर बाहुलीही मोठी राहते. विचारून घ्या. वडिलांना पूर्वी कधी डोळ्याच्या आतली सूज, म्हणजे युव्हायटिस, झाली असेल तर ते लपवू नका, अशा डोळ्याला निदान तीन महिने शांत ठेवून मगच हात लावतात. आणि या वयात पुरुष हमखास सांगायचं विसरतात ती गोष्ट: लघवीसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू आहे का? तिने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो, मग सर्जनला जास्त हाताळावं लागतं. गोळी मनाने बंद करू नका, फक्त आधी सांगा.

आणि दुखणं किंवा लाली वाढली, नजर कमी झाली, चिपडं किंवा पू आला, तर रविवार असो की दिवाळी, त्याच तासाला दवाखाना गाठा. तो आतला जंतुसंसर्ग असू शकतो, तिथे घरचे थेंब वाढवून काही होत नाही.

उरलेल्या बाटल्या डाव्या डोळ्यासाठी जपून ठेवाल, म्हणून आताच सांगतो: उघडून महिना झाला की टाकून द्या. त्या डोळ्याला नव्या आणा.