बहरीनमध्ये नैसर्गिक आणि मानवनिर्मित बेटं नेमकी किती? भरावाच्या बेटावर घर घ्यावं का?

विचारणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: बेटांचा खरा आकडा, आणि 'समुद्रात वाळू ओतून केलेली ती नकली बेटं' राहायला सुरक्षित आहेत का. 'नकली' हा शब्द मला खटकला. भरावाच्या जमिनीची तपासणी हे माझं काम आहे, म्हणून लिहितो.

आकड्याचं आधी. जुन्या पुस्तकांत 33 बेटं सापडतील. भराव धरून मोजणारे 80च्या पुढे जातात. दोन्ही बरोबर आहेत, मोजण्याची पद्धत वेगळी. समुद्र कायद्याच्या 1982च्या कराराप्रमाणे बेट म्हणजे नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेली आणि भरतीतही पाण्यावर राहणारी जमीन. मानवनिर्मित बेटाला स्वतःचा सागरी हद्दीचा हक्क मिळत नाही. या व्याख्येचा कस बहरीन-कतार खटल्यात लागला. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 16 मार्च 2001ला निकाल दिला. हवार बेटं बहरीनकडे राहिली, झुबाराचा किनारी भाग आणि जनान बेट कतारकडे गेले. त्यात कितअत जरादा नावाचा एक वाळूचा ठिपका होता. भरतीच्या वेळी तो साधारण 12 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 0.4 मीटर उंच, म्हणजे एका खोलीएवढा. न्यायालयानं त्याला बेट मानलं आणि ते बहरीनला दिलं. उलट फश्त अद-दिबल (फश्त म्हणजे समुद्रातला उथळ पट्टा) ओहोटीतच उघडा पडतो, म्हणून तो बेट ठरला नाही, कतारच्या वाट्याला गेला. इथला समुद्र इतका उथळ आहे, की भरती-ओहोटीच्या दीड-दोन मीटरांत कित्येक फश्त दिसतात आणि बुडतात. आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही तो यासाठी.

मोठी नैसर्गिक बेटं लक्षात ठेवा: मुख्य बहरीन बेट, मुहर्रक, सित्रा, उम्म अन-नसान, नबीह सालेह आणि दक्षिणेला कतारच्या किनाऱ्याला लागून हवार. मानवनिर्मितांत मुहर्रकच्या ईशान्येला अमवाज आणि दियार अल-मुहर्रक, दक्षिण टोकाला दुर्रत अल-बहरीन, मनामाला लागून रीफ आयलंड, उत्तर किनाऱ्यावर सरकारी घरांचं मदिनत सलमान. सौदी अरेबियाला जोडणाऱ्या किंग फहद कॉजवेवर जिथे पासपोर्ट तपासतात, ते बेटही भरावाचंच, 1986 साली पूल सुरू झाला तेव्हापासूनचं. देशाचं क्षेत्रफळ सुमारे 665 चौरस किलोमीटरवरून 780च्या पुढे गेलंय, ते या सगळ्यामुळे. ज्यांच्या पायाखाली सात बेटं जोडून केलेली मुंबई आहे, त्यांनी तरी भरावाला नकली म्हणू नये.

आता घराचं. वाळूचा भराव बुडत नाही. स्वच्छ वाळू पाण्यातून ओतली की बरीचशी लगेच बसते. उरलेली घट्ट करायला व्हायब्रो-कॉम्पॅक्शन वापरतात: तीनेक मीटर अंतराच्या त्रिकोणी जाळीवर कंप देणारा दांडा पूर्ण खोलीपर्यंत घालायचा आणि टप्प्याटप्प्यानं वर काढायचा. पाण्याच्या वरचा भाग साधारण 300 मिलिमीटरच्या थरांत टाकून रोलरनं दाबतात. हे नीट झालं असेल तर जमीन उत्तम. बिघडतं ते गाळामुळे, आणि मला त्याबद्दलच सांगायचंय.

ड्रेजर समुद्रतळ कापतो आणि वाळू-पाण्याचं मिश्रण नळीतून बांधाच्या आत सोडतो. त्यात बहुतांश पाणीच असतं. नळीच्या तोंडाशी जाड वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे पडतात, बारीक गाळ पाण्याबरोबर पुढे वाहतो. पाणी बाहेर काढण्यासाठी दुसऱ्या टोकाला वीयर बॉक्स असतो, फळ्या चढवून-उतरवून पाण्याची पातळी धरणारा चौकोनी खोका. गाळ नेमका त्याच्या पुढ्यात साचतो. काम संपलं की खोका उचलतात, खड्ड्यावर वाळू ढकलतात आणि वरून सगळं एकसारखं पांढरं दिसतं.

अशाच एका प्लॉटवरची तक्रार तपासायला आली होती. बेटाचं आणि विकासकाचं नाव लिहीत नाही. चार घरांची सामाईक कुंपणभिंत तिरकी फाटली होती आणि मागच्या अंगणातलं सांडपाणी तुंबत होतं. घरं पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर, ती जागची हलली नव्हती, म्हणून 'बांधकाम उत्तम आहे' असा कागद मालकांच्या हातात होता. पण भिंत, अंगण, पाइपलाइन थेट भरावावर. सांडपाण्याच्या पाइपला 1:150 उतार असेल तर 15 मीटरमध्ये जेमतेम 10 सेंटिमीटर उतार मिळतो. खालच्या जमिनीनं 12 सेंटिमीटर बसकण घेतली होती, आणि ती चेंबरच्या बाजूला नाही, घराच्या बाजूला. पाणी घराकडे परतत होतं. प्लंबरनं तीनदा पाइप साफ केला होता. दोष पाइपमध्ये नव्हताच.

शंकू दाबून बघायची चाचणी, म्हणजे सीपीटी, केली. वरच्या दीड मीटरला रोध 10 मेगापास्कलच्या आसपास, मग एकदम 0.5 मेगापास्कलवर, आणि तसाच सव्वा मीटर. खड्डा खणला तर राखाडी, तुपासारखा गाळ, कुजक्या अंड्याचा वास. तळहातावर गोळा घेऊन हलवला की वर पाणी चमकतं, दाबला की चमक विरते. चिकणमाती असं करत नाही. भरावाच्या वेळचा एक जुना फोटो मिळाला. वीयर बॉक्स त्याच जागी होता.

तेव्हा 'दोन उन्हाळे जाऊ द्या, आपोआप बसेल' असं मला ठामपणे ऐकवण्यात आलं होतं. मी तेव्हाही नाही म्हणालो, आजही नाहीच म्हणतो. गाळातलं पाणी बाहेर यायला रस्ता हवा आणि वर वजन हवं. रोलर फिरवून ते होत नाही, कंपही पोचत नाही. बारीक कणांचं प्रमाण 10-12 टक्क्यांच्या वर गेलं की व्हायब्रो-कॉम्पॅक्शनचा उपयोग झपाट्यानं घटतो. मुख्य मार्ग दोन: गाळ खणून काढून वाळू भरायची, किंवा वर दोनेक मीटर वाळूचा ढीग ठेवायचा (दर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपास वजन), बसकण मोजणारी सेटलमेंट प्लेट लावून दर आठवड्याला वाचन घ्यायचं आणि आलेख सपाट झाल्याशिवाय ढीग हलवायचा नाही. घरं उभी राहिल्यावर यातलं काहीच धड करता येत नाही.

एक मुद्दा मात्र भराव करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. बहरीनची वाळू शिंपल्यांची, चुनखडीची. शंकूखाली कण फुटतात आणि चांगली घट्ट वाळूही आकड्यात कमजोर दिसते. आकड्यात त्यासाठीची दुरुस्ती न करता केवळ रोध कमी आला म्हणून भराव नापास करणं चुकीचं. सव्वा मीटर गाळ मात्र कुठल्याच दुरुस्तीत बसत नाही.

घर बघायला जाल तेव्हा संगमरवर बघत बसू नका. समुद्राकाठच्या दगडी उताराच्या मागे फरसबंदी खचलीय का पाहा. खचली असेल तर बहुधा दगडाखालचं, वाळू अडवणारं फिल्टर कापड फाटलंय आणि वाळू लाटेबरोबर निसटतेय. अमवाजच्या कडेला जिओट्यूब, म्हणजे वाळू भरलेल्या कापडी नळ्या, वापरल्या होत्या. असं कापड उन्हानं सडतं, म्हणून ते दगडाखाली झाकलेलंच असलं पाहिजे. पावसाळी गटाराचं झाकण रस्त्याच्या वर आलंय का, दारापाशी घर आणि अंगण यांच्यात फट पडलीय का, हेही बघा. भूजल खारं असतं, तेव्हा पायाच्या काँक्रीटचं आवरण आणि बाहेरचं जलरोधक अस्तर यांबद्दल विचारा. बंद टोकाच्या कालव्यावरचं घर असेल तर ओहोटीच्या वेळी, शक्यतो ऑगस्टमध्ये, जाऊन पाण्याचा वास घ्या.

परदेशी माणसाला ठरावीक भागांतच मालकी घेता येते. तो भाग वकिलाकडून तपासून घ्या, ते माझं क्षेत्र नाही. वर नावं घेतलेली बेटं वाईट आहेत असा अर्थ काढू नका. एकाच बेटावर एक गल्ली पक्की आणि पुढची बसलेली असू शकते.

आणि भरावाचं खरं मोल घरमालक नाही, समुद्र मोजतो. तुबली उपसागरात देशातली तिवरं उरलीत ती थोडीच. 1997पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत असूनही तो उपसागर भरावानं पूर्वीच्या जवळपास निम्म्यावर आलाय. ड्रेजरचा गाळ समुद्री गवतावर बसतो. त्या गवतावर साफी मासा वाढतो आणि हवारच्या बाजूला डुगाँग चरतात. गाळ रोखणारा पडदा न लावता ड्रेजर चालवणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही.

विक्रेत्याकडे दोन कागद मागा: तुमच्या प्लॉटच्या 25 मीटरच्या आतला सीपीटी अहवाल, आणि भरावाच्या वेळी नळीचं तोंड व वीयर बॉक्स कुठे-कुठे होते त्याचा नकाशा. पहिला बहुतेक मिळतो. दुसऱ्याला 'ते जुनं झालं' म्हणतात. जमीन ताब्यात देताना हा नकाशा कागदपत्रांत जोडलाच पाहिजे, हे मी त्या चार घरांच्या अहवालात लिहिलं होतं. ती ओळ खोडून टाकण्यात आली. तुम्हाला तो नकाशा मिळाला नाही, तर प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत स्वतःच्या पैशानं सीपीटी करून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या.