नेरुळची ती ५२०डी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री दोनदा पाहिले. २०१२ची बीएमडब्ल्यू ५२०डी, मालक नेरुळचा, ब्याण्णव हजार किलोमीटर, मागणी साडेसहा लाख. गाडी देखणी आहे, यात वाद नाही. ती तुला का हवी आहे, तेही मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांनी सतरा वर्षं साहेबांसाठी अशीच गाडी चालवली, मागचं दार उघडून उभे राहिले. त्याच दारातून एकदा त्यांना आत बसवायचं आहे तुला. म्हणून ‘घेऊ नकोस’ असं मी लिहिणार नाही. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं गाड्यांखाली झोपून जे कळलं, तेवढं लिहितो.

साडेसहा लाख हा आकडा डोक्यातून काढ. नवी होती तेव्हा ही गाडी चाळीस लाखांच्या घरातली होती. वयाबरोबर गाडीचा भाव उतरला, पण इंजेक्टर, टर्बो, शॉकअप यांचे भाव तिच्याबरोबर उतरत नाहीत. त्यामुळे साडेसहा लाखांच्या गाडीला चाळीस लाखांच्या गाडीची दुरुस्ती लागते. साध्या टायरचंच बघ. हिला रनफ्लॅट टायर येतात, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे. ते महाग, आणि डिकीत स्टेपनी नाही. बॅटरी बदलली तर ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर जुनी समजूनच तिला चार्ज केलं जातं. आपल्या नाक्यावरचा बॅटरीवाला हे करणार नाही.

आता इंजिन. या गाडीत एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे. चालायला गोड, ॲव्हरेजही चांगलं. पण त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी, इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. चेन ताणली गेली, तिला जागेवर धरणारे गाइड झिजले, की थंड इंजिन चालू करताना मागून खरखर ऐकू येते. त्याकडे दुर्लक्ष केलं आणि चेन तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. चेनचा संच एरवी फार महाग नसतो. इथे तिच्यापर्यंत पोचायलाच गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, खरी मजुरी त्याची. चेन बदलली असेल तर बिल माग. ‘बदललीये हो’ या शब्दावर जाऊ नकोस. बिल नसेल तर बदललेली नाही असंच धर आणि तो खर्च भावातून कापून माग.

दुसरं ईजीआर. धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारी ही यंत्रणा. २०१८ साली दक्षिण कोरियात ५२०डी गाड्या पेटल्या, त्याला ईजीआर कूलरमधली कूलंटची गळती कारण ठरली, आणि कंपनीने तिथे लाखाहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. नेरुळच्या गाडीचा चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचार, रिकॉलचं काही काम बाकी आहे का. शिवाय तुझा रस्ता कासारवडवली ते ऐरोली. घोडबंदरवर आणि कळव्याच्या पुलावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या डिझेलला काजळी लवकर धरते. ही गाडी हायवेसाठी बनली आहे. आठवड्यातून एकदा तिला नाशिककडे मोकळ्या रस्त्यावर पळवून आण.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल ‘लाइफटाइम आहे’ असं तुला सांगतील. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. तेलाचा फिल्टर प्लॅस्टिकच्या संपमध्येच, म्हणजे खालच्या तेलाच्या ट्रेमध्येच असतो, म्हणजे संप पूर्ण बदलायचा.

माझी एक चूक सांगतो, तुला उपयोगी पडेल. २६ जुलै २००५च्या पुरानंतर काही महिन्यांनी मी स्वतः एक जर्मन सेदान घेतली होती, स्वस्तात. आतून चकाचक, अत्तराचा वास. गालिचा उचलून पाहिला नाही. एवढा जाणता मेकॅनिक, पण मन गाडीवर आलं होतं. दोन महिन्यांनी खिडक्या अडल्या, मग डॅशबोर्ड विझायला लागला, आणि एका रात्री बायको-पोरांसह गाडी गायमुखच्या चढावर बंद पडली. वायरिंगच्या जोडांवर हिरवी बुरशी आणि सीटखाली वाळलेला गाळ निघाला. त्या रात्री मुलगी घाबरून रडत होती, ते मला अजून विसरता येत नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघायची, डिकीतला गालिचा उचलायचा. बॅटरी तिथेच असते. आणि गाडी घेतलीस तर पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी दिसलं की मागे फिर, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान साध्या विम्यात मिळत नाही.

विम्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा देत नाहीत. मग अपघाताच्या क्लेममध्ये रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही तेवढाच. झीज आणि यांत्रिक बिघाड तर त्यात येतच नाहीत. आरसी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२७ला संपेल. पुढे आरटीओत फिटनेस, पर्यावरण कर, आणि मग पाच वर्षांचं नूतनीकरण.

माझा हिशेब असा: गाडीच्या किमतीखेरीज अडीच लाख रुपये पहिल्या वर्षासाठी वेगळ्या खात्यात हवेत. ते बाबांच्या नावच्या एफडीतून काढायचे नाहीत. ते नसतील तर सहा महिने थांब. गाड्या येत राहतात.

रविवारी सकाळी सातला आपण नेरुळला जाऊ. मालकाला आदल्या रात्री एवढंच सांग, की सकाळी गाडी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून मी बघेन, गरम लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी येऊ. स्कॅनर मी आणतो, दोन्ही किल्ल्या मागून ठेव. या गाडीच्या किल्लीतही किलोमीटरची नोंद असते, ती सर्व्हिस सेंटरला वाचून घेऊ. टॉर्च तू आण.

बाबांना अजून काही सांगू नकोस.

तुझा,
काका