७८ वर्षांच्या बाबांना ऑपरेशनआधी रेडिएशन द्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय: बाबांचं वय ७८, गुदाशयाचा कॅन्सर, एमआरआयमध्ये टी३ (म्हणजे गाठ गुदाशयाच्या भिंतीतून बाहेरच्या चरबीपर्यंत पोचलेली). डॉक्टर म्हणतात आधी साडेपाच आठवडे रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन. आणि घरचे म्हणतात, या वयात हाल कशाला, सरळ कापून टाका. मी पुण्यात रेडिएशन विभागात सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यामुळे हा वाद मला चांगला माहीत आहे. माझं मत: प्रश्न ‘द्यावं का’ एवढाच नाही, ‘कुठलं द्यावं’ हाही आहे.

गुदाशय ओटीपोटाच्या हाडांमध्ये अगदी अडचणीच्या जागी असतो. गाठ गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या कडेपर्यंत पोचली असेल तर ऑपरेशननंतरही तिथे पेशी उरतात आणि रोग त्याच जागी उलटतो. आधी दिलेल्या रेडिएशनमुळे हा धोका कमी होतो. म्हणून रिपोर्टमध्ये टी३ च्या पुढे ‘सीआरएम’ शोधा, म्हणजे गाठ आणि ऑपरेशनमध्ये कापायची कडा यांतलं अंतर. गाठ कडेपासून १ मिमी किंवा त्याहून जवळ असेल तर रेडिएशन टाळू नका. गाठ वरच्या भागात आणि कडा मोकळी असेल, तर थेट ऑपरेशनचा विचार होऊ शकतो.

आता कोर्स. लांबच्या कोर्सला २५ ते २८ सिटिंग लागतात, सोबत कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या. छोट्या कोर्सला फक्त ५, रोज ५ ग्रे (रेडिएशनचं माप), सोमवार ते शुक्रवार. कागदावर फरक दिवसांचा दिसतो, पण सिटिंगच्या आधी पाणी पिऊन लघवी धरून बसायचं असतं. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा खुर्चीत पाय आवळून नंबराची वाट बघतात, मशीन अडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हडपसरहून कोथरूडला रिक्षाने येऊन हे रोज, पाच आठवडे! त्यात गोळ्यांनी जुलाब लागले की म्हातारं माणूस दोन दिवसांत कोरडं पडतं, क्रिएटिनिन चढतं, म्हणजे किडनीवर ताण येतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, केमोच्या या गोळ्यांनी रक्त आणखी पातळ होतं.

फ्रान्समध्ये ७५ च्या पुढच्या रुग्णांवर दोन्ही कोर्सची तुलना झाली. छोट्या कोर्सनंतरही ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, आणि माणसं आपली कामं आपण करत राहिली. गाठ कडेला चिकटलेली असेल तर डॉक्टर लांबच्या कोर्सचा आग्रह धरतात, त्याला कारण असतं. पण विचारा जरूर.

बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) एमएमआर तपासणी करून घ्या; पेशींची डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणा नीट आहे का ते त्यात कळतं. थोड्याच रुग्णांत दोष सापडतो, पण सापडला तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांचा, मार्ग खुलतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा पहिल्या १२ रुग्णांत गाठ पूर्ण विरल्याचं प्रसिद्ध केलं होतं.

छोट्या कोर्सनंतर ऑपरेशनसाठी बऱ्याचदा सहा-आठ आठवडे थांबतात. ते दिवस वाया घालवू नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह, रोज अंडी, पनीर किंवा घट्ट डाळ, सकाळ-संध्याकाळ चालणं, तीन चेंडूंच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम. शौचासाठी पोटावर पिशवी लागणार असेल तर तिची जागा ऑपरेशनआधी, बाबांना बसवून आणि उभं करून ठरवून घ्या. चुकीच्या जागी आली की पट्ट्याखाली घासते आणि गळते.

बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारा.

आणि बाबांना बाहेर बसवून निर्णय घेऊ नका. पिशवी चालेल का, रोजची ये-जा झेपेल का, हे त्यांच्याच तोंडून ऐका. सीआरएमचा आकडा कळला की लिहा, पुढचं बोलू.