निकाल ‘सिग्निफिकंट’ आला नाही, आता प्रबंधाचं काय?

‘मॅडम, पी-व्हॅल्यू ०.२२ आली. वर्षभर केलेलं सगळं पाण्यात गेलं.’ मानसशास्त्राच्या ऑनर्सचे विद्यार्थी प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात समुपदेशनाला येतात, तेव्हा थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा संबंध नसतानाही निदान एवढा निकाल निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या खाली आली की निकाल ‘सिग्निफिकंट’ म्हणतात. पुढची विद्यार्थिनी अशा अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे.

तिचा विषय सरळ होता. सोशल मीडियावर जाणारा वेळ आणि जाणवणारा ताण यांचा संबंध. ९२ जणांनी प्रश्नावली भरली होती. ताण मोजायला दहा प्रश्नांची पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल वापरली होती. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते आणि गाईडच्या दोन मेल्सना तिने उत्तरच दिलं नव्हतं. रोज रात्री डेटाची फाईल उघडून काहीतरी नवं करून बघणं मात्र चालू होतं. कधी टोकाचे चार जण वगळून, कधी फक्त मुलींची उत्तरं घेऊन, कधी वेळेचे गट पाडून. त्यात तास जात आणि लिखाण एक ओळही पुढे सरकत नसे. आपण अभ्यासच करतोय असं वाटत राहतं, म्हणून हे टाळणं स्वतःच्या लवकर लक्षात येत नाही.

अशा वेळी धीर देण्याआधी एक साधी तपासणी करायला सांगावी. स्केलची विश्वासार्हता, म्हणजे क्रॉनबाख अल्फा, किती आली? स्केलचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते हा आकडा सांगतो, १ च्या जितका जवळ तितका चांगला. तिची आधी ०.४१ आली होती. एवढ्या वापरात असलेल्या स्केलची अल्फा इतकी कमी दिसली की पहिला संशय उलट्या प्रश्नांवर घ्यायचा. या स्केलमध्ये ४, ५, ७ आणि ८ हे चार प्रश्न उलटे आहेत, त्यांत जास्त गुण म्हणजे कमी ताण. त्यांचे गुण ४ मधून वजा करून घ्यावे लागतात, ० चे ४ आणि १ चे ३. तिचं ते राहून गेलं होतं. दुरुस्तीनंतर अल्फा ०.८२ झाली आणि सहसंबंध, म्हणजे वेळ आणि ताण किती जोडीने बदलतात याचा आकडा (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), ०.०४ वरून ०.१३ वर गेला. पी-व्हॅल्यू तेव्हाही ०.०५ च्या खाली गेली नाही, ०.२२ आली. म्हणजे तिने आणलेला आकडा दुरुस्तीनंतरचाच होता. चूक सापडली तेव्हा आता निकाल ‘येईल’ अशी आशा लागली, ती मोडली, आणि खचणं तिथून सुरू झालं.

मग त्या आकड्याचा अर्थ तिलाच मोठ्याने सांगायला लावला. ९२ जणांमध्ये ०.१३ सहसंबंध म्हणजे ९५ टक्के विश्वास-मर्यादा, खरा संबंध ज्या टप्प्यात असू शकतो तो टप्पा, साधारण -०.०८ ते ०.३३. संबंध अजिबात नसेल किंवा मध्यम असेल, या डेटातून दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत. ८० टक्के पॉवर, म्हणजे संबंध खरा असल्यास तो सापडण्याची शक्यता, धरली तर ०.३० चा सहसंबंध पकडायला साधारण ८५ माणसं लागतात, ०.२० साठी मात्र १९० च्या वर. तिच्या नमुन्याला छोटा संबंध दिसण्याची शक्यता मुळातच कमी होती. हे बोलताना तिचा आवाज बदलला. ‘म्हणजे संबंध नाही असं मी लिहूच शकत नाही?’ बरोबर. ‘या नमुन्यात संबंधाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही’ एवढंच लिहायचं. चर्चेच्या प्रकरणातला पहिला परिच्छेद तिथेच तयार झाला.

रात्रीच्या प्रयोगांबद्दलही स्पष्ट बोलावं लागतं. खरा संबंध कुठेच नसताना वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एक तरी निव्वळ योगायोगाने ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. तेवढीच एक उचलून ‘माझी परिकल्पना हीच होती’ असं लिहिणं म्हणजे हार्किंग. हे नाव मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये दिलं. करून झालेली विश्लेषणं लपवायचीही गरज नसते. ‘शोधात्मक’ असं उपशीर्षक देऊन सगळी मांडायची, न जुळलेलीसुद्धा. ऑनर्सच्या प्रबंधात परीक्षक प्रश्न, पद्धत, विश्लेषण आणि अर्थ लावणं यांची जुळणी बघतो. न आलेला निकाल प्रामाणिकपणे समजावणारा प्रबंध, सिग्निफिकंट आलेला निकाल नुसता मांडून मोकळा होणाऱ्यापेक्षा वरचढ ठरू शकतो. २०१५ मध्ये १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, त्यांतल्या ३६ टक्क्यांतच निकाल पुन्हा सिग्निफिकंट आला. हा आकडा या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेला असतो, स्वतःच्या निकालाशी जोडलेला नसतो.

गाईडला मेल तिने समोर बसूनच लिहिली, कारण घरी गेल्यावर ती लिहिली जात नाही. ‘सर, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. मुख्य सहसंबंध ०.१३ आला, सिग्निफिकंट नाही. पद्धत आणि निकालाचा मसुदा शुक्रवारी पाठवते. शोधात्मक विश्लेषण किती ठेवावं, यावर पंधरा मिनिटं बोलता येईल का?’ उशिराची लांबलचक कारणं नाहीत. गाईडला उत्तर देता येईल असा एकच नेमका प्रश्न आहे.

लिखाण पद्धतीपासून धरावं. एथिक्स समितीला दिलेल्या अर्जात ते बरंचसं आधीच असतं, ‘घेतले जातील’चं ‘घेतले’ करायचं. मग निकाल, मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना आणि सारांश सगळ्यात शेवटी. दिवसाला चाळीस मिनिटांच्या दोन बैठका, सांख्यिकीचं सॉफ्टवेअर बंद ठेवून. गाईडला वाचायला एक-दोन आठवडे लागतात, तेव्हा पूर्ण मसुदा मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी पोहोचला पाहिजे.

मर्यादांच्या भागात तिने अकरा मुद्द्यांची यादी आणली होती, आणि बहुतेक सगळे कुठल्याही प्रबंधात चालले असते. त्यांतले या निकालावर खरंच परिणाम करू शकणारे तीन ठेवले. सोशल मीडियावरचा वेळ लोकांनी अंदाजाने सांगितला होता आणि मोजमापातली अशी अनियमित चूक सहसंबंधाला शून्याकडे ओढते. बहुतेकांचा वेळ दोन ते चार तासांतच होता, त्यामुळे फरक दिसायला जागा कमी. तिसरा मुद्दा नमुन्याच्या आकाराचा. प्रत्येक मर्यादेने निकाल कोणत्या दिशेला गेला असेल तेही लिहावं. बहुतेक प्रबंधांत नेमकं हेच नसतं.

झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी त्यावर बोलायचं आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी करावा. सोबत समुपदेशकाचं पत्र आणि तयार झालेली प्रकरणं जोडली की काम खरोखर चालू आहे, हे विभागाला दिसतं.