वाचक विचारतात : मैत्रिणीच्या घरी भांडण झालं, तिला धीर कसा देऊ?

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचं आई आणि भावाशी कडाक्याचं भांडण झालं. रात्री 11 वाजता तिचा फोन आला, नुसती हमसून हमसून रडत होती. मी म्हटलं, "शांत हो गं, आईच आहे ती, मनावर घेऊ नकोस." तर "तुला नाही कळायचं" म्हणून तिने फोनच ठेवला. माझं काय चुकलं? आणि आता काय करू?

उत्तर : तुमची माया खरी, पण वेळ चुकली. भांडणानंतर छातीची धडधड, हातांची थरथर लगेच थांबत नाही. ती ओसरायला बरेचदा 20-30 मिनिटं लागतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर सल्ला डोक्यात शिरत नाही. शिवाय 'मनावर घेऊ नकोस' हे तिच्या कानाला 'तुझंच चुकतंय' असं ऐकू येतं.

आज तिला एवढंच लिहा : "काल तुझं ऐकून न घेता मी समजूत घालत बसले, चुकलं माझं. संध्याकाळी 7 नंतर मी मोकळी आहे. बोलावंसं वाटलं तर फोन कर, नाही वाटलं तरी राग नाही." पुढे खुलासे जोडू नका.

पुन्हा असा फोन आला तर आधी विचारा, "कुठे आहेस? सोबत कोण आहे? कुणी हात तर उगारला नाही ना?" मारहाणीची भीती असेल तर बाकीचं बोलणं नंतर. आधी ती सुरक्षित जागी पोचली पाहिजे. तसं नसेल तर तिला बसायला सांगा, घोटभर पाणी पिऊ द्या. मग 4 आकडे मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर, असं 5-6 वेळा. नुसतं सांगू नका, तिच्याबरोबर तुम्हीही करा. त्याने जीव जास्तच घुसमटला तर सोडून द्या. मग विचारा, "नुसतं ऐकू, की काय करायचं ते मिळून ठरवू या?" बहुतेक वेळा उत्तर 'ऐक' असंच असतं. मध्ये शांतता पसरली तर ती भरायची घाई नको.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बाजू घेताना. "तुझा भाऊ आहेच तसला" हे तेव्हा गोड वाटतं. पण चार दिवसांनी त्याच भावाशी तिचं जुळतं आणि तुमचं वाक्य मध्ये उभं राहतं. पुढचं भांडण ती तुमच्यापासून लपवते. म्हणून माणसावर शेरा न मारता तिला काय लागलं ते धरा : "सगळ्यांसमोर बोलला, ते जास्त लागलं का?" अंदाज चुकला तरी ती स्वतःच दुरुस्त करते. तिच्या आईला परस्पर फोन करून मध्यस्थी तर मुळीच करू नका.

भावाला मेसेज पाठवायला ती निघाली असेल तर तो चॅटमध्ये नको, वहीत लिही म्हणावं. चॅटमध्ये एका बोटाने जातो. सकाळी वाचून मग ठरवावं.

"मी नसलेलीच बरी" असं काही बोलली तर आडून विचारू नका. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट मन मोकळं करायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटी सोडू नका, भरवशाचं माणूस जवळ बोलवा, तातडीची मदत मागा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन इथे देऊ नका.

प्रश्न : रोज दोन-दोन तास तेच ऐकून मीच थकते. कसं सांगू?

उत्तर : फोन उचलतानाच सांगा, "माझ्याकडे अर्धा तास आहे, तो पूर्ण तुझा." मधेच तोडलेलं लागतं, आधी सांगितलेलं सहसा लागत नाही. ठेवताना पुढच्या फोनचा दिवस ठरवा आणि त्या दिवशी फोन तुम्हीच करा.